बाबांची ८७ ची पद्मिनी परत रस्त्यावर आणायचीय, गॅरेजला देऊ की घरीच हात घालू?

पोखरबाव

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि नीट हवाय म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, ८७ चं मॉडेल, पेट्रोल, स्टेअरिंगला गियर. बाबा गेल्यापासून ती देवगडला घरामागच्या शेडमध्ये उभी आहे, मधे बरेच पावसाळे गेले. वर पत्रा आहे, खाली चिऱ्यांची जमीन, पण खाडीवरचा वारा सरळ आत येतो त्यामुळे क्रोमवर आणि दाराच्या खालच्या कडांना गंज दिसायला लागलाय. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचलली तर खालचा पत्रा बोटाने दाबला जातोय. ब्रेक पेडल थेट खाली जातं. टाकीत जुनं पेट्रोल आहे, झाकण उघडलं तर रंगाच्या दुकानासारखा वास येतो. इंजिन अजून फिरवलेलं नाही, बॅटरी मेलेली आहे.

मी पुण्याहून घरी आलोय, काम घरूनच करतो, शनिवार रविवार मोकळा असतो. बाईकची सर्व्हिसिंग स्वतः करतो, पाने आहेत, जॅक आहे, पण गाडीच्या ब्रेकला किंवा इंजिनला कधी हात लावलेला नाही.

तिघांना दाखवून झाली. पहिला म्हणाला इंजिन उतरवून फुल ओव्हरहॉल, पत्राकाम आणि पेंट धरून पावणेदोन लाख, आणि त्याने बॉनेट उघडून फक्त बघितलं होतं, काही तपासलं नव्हतं. दुसरा म्हणाला भंगारात द्या. तिसरे कणकवलीचे एक म्हातारे मिस्त्री, त्यांनी आयुष्यभर फियाटच (पद्मिनी म्हणजे तीच) केल्या, ते म्हणाले आणून ठेव मी करतो, पण हाताखाली पोरगा नाही त्यामुळे वेळ लागेल.

आईची इच्छा आहे की महाशिवरात्रीला कुणकेश्वरला याच गाडीतून जायचं. तिच्यासाठी ही गाडी म्हणजे बाबाच आहेत, त्यामुळे भंगाराचा विषय आमच्याकडे नाही. प्रश्न एवढाच की कुठलं काम मी करू आणि कुठलं बाहेर देऊ, आणि घरी केलं तर खरंच स्वस्त पडतं का?

जुना फिटर

एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली आणि घरच्या फियाटचं सगळं स्वतःच करत आलोय, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, बॅटरी लावून स्टार्टर मारायचा नाही. कितीही मोह झाला तरी नाही. एवढे पावसाळे उभी असलेल्या गाडीत रिंगा सिलेंडरला चिकटलेल्या असू शकतात आणि आतलं ऑइल सगळं खाली गेलेलं असतं, तसंच फिरवलं तर जे चांगलं आहे तेही खरवडून निघेल. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोनेक दिवस मुरू द्या. मग चौथ्या गियरमध्ये टाकून गाडी हळूच पुढे मागे हलवा. इंजिन मोकळं फिरलं तर जुनं ऑइल काढून नवीन भरा, फिल्टर बदला आणि प्लग बाहेर असतानाच थोडं थोडं स्टार्टर मारून ऑइलचा दिवा विझतो का ते बघा. हे सगळं तुम्ही घरी करू शकता, यात मिस्त्री लागत नाही.

दुसरं, ज्याने न तपासता ओव्हरहॉल सांगितला त्याला ते काम देऊ नका. कॉम्प्रेशन गेज घेऊन चारही सिलेंडरचं प्रेशर मोजा, मात्र आधी सोडलेलं ऑइल फिरवून बाहेर पडू द्या नाहीतर आकडा फसवा येतो. एखाद्यात कमी आलं तर त्याच भोकात परत चमचाभर ऑइल टाकून मोजा, वाढलं तर रिंगा गेल्यात, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेड गास्केट गेलंय. चारही जवळपास सारखे आले तर इंजिन उतरवायचं कारणच नाही. पावणेदोन लाखातला मोठा भाग तिथेच वाचला.

आता तुमचा मूळ प्रश्न. लोक सोपं काम घरी आणि अवघड काम गॅरेजला अशी वाटणी करतात, मला ती पटत नाही. मी असं बघतो की काम चुकलं तर काय होईल. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट नीट बसले नाहीत, कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोलचं बारीक भोक) चोंदलं, डायनामो चार्ज करत नाही, तर गाडी रस्त्यात बंद पडेल आणि तुम्ही कडेला उभे राहाल, बाकी काही नाही. ती कामं बिनधास्त शिका. पण ब्रेक, स्टेअरिंगचे जॉइंट, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), चाकाचं बेअरिंग यात चूक झाली तर गाडी थांबणारच नाही किंवा वळणारच नाही. यात पहिल्यांदाच हात घालत असाल तर जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि करताना शेजारी उभे राहा. पुढच्या वेळी तुम्हाला जमेल.

घरच्या कामात तीन गोष्टी पाळा. नुसत्या जॅकवर गाडी चढवून खाली शिरायचं नाही, जॅकस्टँड घ्या, आणि तुमच्याकडे चिऱ्याची जमीन आहे म्हणता तर स्टँडखाली जाड फळी टाका, जांभा एका जागी वजन आलं की भुगा होतो. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे प्लग काढताना आणि लावताना इंजिन थंड हवं आणि सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा, पान्याने जोर केला तर हेडचे आटेच बाहेर येतील. आणि रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतू नका, कूलंट घाला, लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियम हेड असलं की साध्या पाण्याने हेड आतून खाल्लं जातं.

चिपळूण बाजारपेठ

दादा, आमची पद्मिनी २२ जुलै २०२१ च्या पुरात सीटच्या वर पाण्यात होती, वाशिष्ठीचं पाणी आणि तो चिखल, त्यामुळे गंज आणि वायरिंग या दोन गोष्टींवर मी अधिकाराने बोलू शकते. मिस्टरांना यात रस नाही, गाडी माझ्या सासऱ्यांची आणि आता माझी.

मॅटखालचा पत्रा दबतोय हे तुम्ही सगळ्यात शेवटी बघायच्या यादीत टाकू नका, आधी बघा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन घेते, त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालची पेटी सडली तर ते दिसण्यापुरतं नुकसान नाही. एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फ्लोअरच्या कडा, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे स्प्रिंग जिथे बॉडीला बसतात ती जागा, बॅटरीची ट्रे आणि डिकीचा तळ, सगळीकडे टोचून बघा. पेंट फुगलेला असेल तिथे नक्की टोचा. जिथे आत जाईल तिथे पत्रा कापून नवीन लावावा लागणार आणि ते वेल्डिंगवाल्याचंच काम आहे. पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय आणि बॅटरी सोडवल्याशिवाय त्याला वेल्डिंगची काडी पेटवू देऊ नका.

पत्राकाम बाहेर देताना मी काय केलं ते सांगते. एकदम सगळे पैसे ठरवले नाहीत. आधी फक्त कापून उघडं करा, मला फोटो पाठवा, मग पुढचं ठरवू असं सांगितलं. आधीच्या एका गॅरेजने सडलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून वर डांबर मारून दिलं होतं आणि ते आतून सडत राहिलं, बाहेरून काही कळायचं नाही. त्यामुळे काढलेला तुकडा परत मागायचा, नवीन पत्र्याला दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर लागलेला स्वतः बघायचा, मगच वरचा थर. प्रायमरसाठी बंदरावर चौकशी करा, होड्यांना लावतात तो खाऱ्या हवेसाठीच असतो. दाराच्या आणि पेटीच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना बघा, कोकणात अर्धा गंज ती भोकं चिखलाने बंद झाल्याने येतो, आपली लाल माती ओली राहते आणि पत्र्याला धरून बसते.

आणि कृपा करून खालून जळकं ऑइल मारून घेऊ नका, पावसाआधी सगळीकडे मारतात, पण त्याने रबरी बुश फुगतात आणि ते ऑइल पहिल्या पावसात अंगणात आणि तिथून विहिरीत जातं.

वायरिंग मात्र घरी करा. खरंच करा. पद्मिनीचं वायरिंग इतकं थोडं आहे की एका कागदावर काढता येतं, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी अर्थिंगच्याच निघतात. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या पट्ट्या काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, परत लावा आणि वर ग्रीस. मंद हेडलाइट इथेच उजळतात. शेडमध्ये उभी होती म्हणजे उंदरांनी वायरी खाल्ल्यात का तेही हाताने चाचपून बघा. कुंभारमाशी पण बघा, टाकीच्या हवेच्या नळीत आणि सायलेन्सरच्या तोंडात मातीची घरं करते आणि मग गाडी का चालू होत नाही ते कळत नाही.

साखरपा

जुन्या फिटर काकांबद्दल आदर आहे पण ब्रेकच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. मी आठवड्याला आंबा घाट उतरतो, मला माझे ब्रेक कोणी केले ते माहीत असायला हवं, आणि ते मीच केलेले असले की मला झोप लागते. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत, आत दोन शूज, त्यांना ढकलणारा व्हील सिलेंडर, स्प्रिंगा. एका चाकाचं एका वेळी उघडायचं, दुसरं तसंच ठेवायचं म्हणजे काय कुठे होतं ते समोर दिसतं, फोटो काढून ठेवायचे. घाईतल्या गॅरेजमध्ये जुने रबर धुऊन परत टाकलेले मी पाहिलेत, घरी तुम्ही तसं करणार नाही कारण गाडीत तुमची आई बसणार आहे.

एक मात्र जपा, जुन्या शूजच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, त्यामुळे ड्रम उघडल्यावर ती काळी धूळ फुंकायची नाही की हवेने उडवायची नाही. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं.

जुना फिटर

साखरपावाले, तुमचं म्हणणं मी खोडत नाही. ज्याला घाट नेहमीचा आहे त्याने शिकावंच. पण पहिल्यांदा करणाऱ्याला दोन ठिकाणी दुसरा माणूस लागतोच. एक ड्रमसाठी, ड्रमला आतून खाच पडली असेल किंवा तो लंबगोल झाला असेल तर लेथवर फिरवावा लागतो आणि किती फिरवायचा ते मापानेच ठरतं, जास्त पातळ झाला तर फेकायचा. दुसरं ब्लीडिंगला, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला, एक जण पेडलवर आणि एक जण चाकाजवळ, मास्टर सिलेंडरपासून (पेडलने दाबला जातो तो मुख्य सिलेंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून जवळ यायचं.

पोखरबाव, तुमचं पेडल थेट खाली जातंय म्हणजे एक तर ऑइल कुठून तरी गळून गेलंय किंवा मास्टर सिलेंडरचं रबर गेलंय. गाडीला एकच ब्रेक सर्किट आहे का ते नक्की बघून घ्या, एकच असेल तर कुठल्याही एका चाकाचा सिलेंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून एक सिलेंडर बदलून थांबू नका, चारही चाकांचे आणि मास्टर, सगळे एकदम. रबरी होज पण. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या हवेत तर जास्तच, मग घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. त्यामुळे डॉट ३ ची नवीन सीलबंद बाटलीच वापरा, वर्षापूर्वी उघडलेली नाही. आणि त्यात दुसरं कुठलंही ऑइल चुकूनही नको, इंजिन ऑइलच्या थेंबाने सुद्धा रबर फुगतं आणि सगळं परत करावं लागतं.

झाराप तिठो

माका विचारशीत तर पेट्रोलाचो विषय पयलो बघ. आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असता, ता हवेतला पाणी ओढता आणि गाडी उभी रवली की ता पाणी टाकीच्या तळाक बसता, मगे टाकी आतसून गंजता. जुन्या रबराक ता सोसणा नाय. पेट्रोल पंपाचो डायफ्राम आणि सगळ्यो नळये नवीन घाल, नळयेर आर ९ (इथेनॉल सोसणाऱ्या नळयेची खूण) छापलेला बघूनच घे. टाकी उतरव, धुव, जुना पेट्रोल परत वापरू नको.

जुना फिटर

झारापवाल्यांनी पंपाचं सांगितलं त्यात भर. डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल सरळ खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला तर इंजिन अजिबात चालवू नका, आधी पंप.

पार्टचं पण आत्ताच ठरवा. मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर पार्ट मिळायला काही त्रास नव्हता. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ ला रस्त्यावरून गेली आणि त्यानंतर दुकानदार नवीन माल भरत नाहीत. कुर्ल्याला सीएसटी रोडला अजून बरंच मिळतं, पण लागेल तेव्हा एक एक आणू असं करू नका. यादी करा, एका फेरीत आणा किंवा कोणाकडून एसटी पार्सलने मागवा. इंजिनला बोअरिंगची वेळ आलीच तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्या, जुन्या इंजिनची कामं करणारे हात तिथे आहेत.

पोखरबाव

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काका आणि चिपळूणच्या ताई. तुमचं वाचून प्लग काढले, ऑइल सोडलं, काल गाडी चौथ्यात टाकून हलवली तर इंजिन फिरलं. आई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, तिला कळलं तेव्हा तिने आत जाऊन देवाजवळ साखर ठेवली.

पण स्क्रूड्रायव्हर ड्रायव्हरच्या बाजूला दोन ठिकाणी आत गेला, डिकीत पण एका ठिकाणी. स्प्रिंगच्या जागा घट्ट आहेत.

आता असं ठरवतोय की टाकी, कार्ब्युरेटर, पंप, पॉइंट, वायरिंग, कूलंट हे मी करतो. पत्रा आणि ब्रेक कणकवलीच्या मिस्त्रींकडे, आणि शनिवार रविवार मी त्यांच्या हाताखाली जातो, त्यांना पोरगा मिळत नाही आणि मला शिकायचंय. त्यांना विचारलं तर लगेच हो म्हणाले, पत्र्याला त्यांचा ओळखीचा वेल्डर आहे. महाशिवरात्रीपर्यंत नाही झालं तर आईला समजावेन.

आता दोन शंका. घरून कणकवलीपर्यंत ब्रेक नसलेली गाडी नेऊ कशी, दोर बांधून जीपने ओढली तर चालेल का? आणि कागदपत्रांचं, आरसीची मुदत संपलेली आहे, व्हिंटेजमध्ये नोंदवली तर सोपं पडेल का?

साखरपा

दोर बांधून अजिबात नाही. ब्रेक नसलेली गाडी दोरावर असली की पुढच्याने ब्रेक मारला की मागची थेट त्याच्यात घुसते. दोन्ही अक्सल वर घेणारी फ्लॅटबेडची गाडी बोलवा, नांदगाव तिठ्याला किंवा कणकवलीत चौकशी केलीत तर हायवेवर काम करणारे मिळतील. चढवताना विंचने ओढतील तेव्हा हुक बंपरला लावू देऊ नका, पुढच्या क्रॉसमेंबरला (इंजिनखालच्या आडव्या तुळईला) लावायला सांगा. तुमचा फ्लोअर सडलाय, पट्टा बॉडीवरून न घेता चाकांवरून बांधायला सांगा.

चिपळूण बाजारपेठ

हँडब्रेक ओढलेला असेल तर आत्ताच सोडून ठेवा आणि चाकाला दगड लावा, पावसाळाभर ओढलेला राहिला की शूज ड्रमला चिकटतात आणि फ्लॅटबेडवर चढवताना मागची चाकं फिरतच नाहीत. आमची तशीच घसटत न्यावी लागली होती.

कागदांचं म्हणाल तर व्हिंटेजची नोंदणी ५० वर्षांपुढच्या गाड्यांनाच होते, २०२१ च्या नियमाप्रमाणे, व्हीए नंबर मिळतो. तुमची ८७ ची, म्हणजे २०३७ पर्यंत त्यात बसत नाही, आणि तशीही ती नोंदणी रोजच्या वापराला चालत नाही. तुम्हाला नेहमीचं रिन्यूअलच करायचंय, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी. त्याला गाडी आरटीओत दाखवावी लागते, म्हणजे ब्रेक, लाइट, हॉर्न, पत्रा सगळं झाल्यावरच. ग्रीन टॅक्स थकला असेल तो भरावा लागेल, नवीन नंबरप्लेट लागेल कारण १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) सक्तीची आहे, इन्शुरन्स आणि पीयूसी आहेच. गाडी बाबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर ट्रान्सफर, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते, म्हणजे आईची आणि भावंडं असतील तर त्यांची सही. ते काम आजच सुरू करा, मिस्त्री पत्रा कापेपर्यंत तुमचे कागद पुढे सरकतील.

जुना फिटर

मिस्त्रींच्या हाताखाली जाताय हे सगळ्यात उत्तम केलंत. जाताना एक वही न्या. पॉइंटचा गॅप, टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप, कुठल्या निपलला ग्रीस कधी, त्यांना सगळं तोंडपाठ असेल, ते विचारून लिहून घ्या. आणि कार्ब्युरेटर घरी उघडाल तेव्हा जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं, क्लीनर मारून हवेने साफ करा. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा टाकीतून नाही, छोट्या डब्यातून नवीन पेट्रोल द्या, डबा इंजिनपासून लांब ठेवा, शेडचं दार उघडं ठेवा आणि वाळूची बादली जवळ असू द्या. कॉम्प्रेशनचे चार आकडे आले की इथे टाका, बघून सांगतो.